मानवी अस्थिसंस्था

मानवी अस्थिसंस्था ही हाडे, कूर्चा, अस्थिबंध आणि सांधे यांची मिळून बनलेली शरीरातील एक प्रमुख संस्था आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारणपणे २०६ हाडे असतात. शरीराला आधार व आकार देणे, नाजूक अवयवांचे संरक्षण करणे, स्नायूंच्या साहाय्याने हालचाल घडवून आणणे, रक्तपेशी तयार करणे आणि कॅल्शियम, फॉस्फरस यांसारख्या खनिजांचा साठा सांभाळणे ही तिची मुख्य कार्ये होत. रोजच्या भाषेत या संस्थेला ‘सांगाडा’ किंवा ‘हाडांचा सापळा’ म्हटले जाते. या शब्दांमुळे प्रयोगशाळेत टांगलेली एखादी कोरडी, पांढरी वस्तू डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात जिवंत माणसाचे हाड ओलसर, किंचित गुलाबी आणि रक्तवाहिन्या व चेतातंतू यांनी भरलेले असते. ते आयुष्यभर थोडे थोडे मोडले जाते आणि पुन्हा घडवले जाते.

रचना

अस्थिसंस्थेचे दोन भाग मानले जातात. शरीराच्या मध्यरेषेवरील कवटी, पाठीचा कणा, बरगड्या आणि उरोस्थी यांचा अक्षीय सांगाडा होतो. त्यात ८० हाडे असतात. हात, पाय आणि त्यांना धडाशी जोडणारे खांद्याचे व कमरेचे अस्थिवलय मिळून उपांग सांगाडा होतो. त्यात १२६ हाडे असतात.

कवटीत २२ हाडे असून त्यांपैकी ८ मेंदूभोवतीची व १४ चेहऱ्याची असतात. खालचा जबडा सोडला तर कवटीची हाडे करवतीच्या दात्यांप्रमाणे एकमेकांत घट्ट बसलेली असतात. कण्यात मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ सुटे मणके, त्यांखाली त्रिकास्थी व माकडहाड असतात. बरगड्यांच्या १२ जोड्या असतात. त्यांपैकी वरच्या ७ जोड्या उरोस्थीला थेट जोडलेल्या असतात, पुढच्या ३ जोड्या वरच्या बरगडीच्या कूर्चेमार्फत जोडल्या जातात आणि शेवटच्या २ जोड्या पुढच्या बाजूने मोकळ्याच राहतात.

हाडांची सर्वांत दाट वस्ती हातापायांच्या टोकांशी आहे. मनगटासह एका हाताच्या पंजात २७ आणि घोट्यासह एका पावलात २६ हाडे असतात. म्हणजे दोन्ही हात व दोन्ही पावले यांतच १०६ हाडे, एकूण संख्येच्या निम्म्याहून अधिक, सामावलेली आहेत. शरीरातील सर्वांत लांब हाड मांडीचे असून त्याची लांबी माणसाच्या उंचीच्या सुमारे एक चतुर्थांश असते. सर्वांत लहान हाड मध्यकर्णातील रिकीब हे असून ते जेमतेम ३ मिलिमीटर असते. गळ्यातील कंठास्थी हे शरीरातील कोणत्याही दुसऱ्या हाडाशी सांध्याने न जोडलेले हाड आहे. ते स्नायू व अस्थिबंध यांच्या आधाराने तरंगते, आणि गिळणे व बोलणे या क्रियांत त्याचा उपयोग होतो.

२०६ ही संख्या सरासरी समजावी. काहींना मानेत एखादी जादा बरगडी असते, काहींच्या हातापायांत कंडरांमध्ये दडलेली छोटी जादा हाडे असतात. नवजात अर्भकात तर २७० ते ३०० हाडे मोजता येतात. वाढीच्या काळात त्यांपैकी अनेक एकमेकांना जुळून संख्या कमी होते.

हाडाची घडण

हाडाच्या कोरड्या वजनातील मोठा वाटा हायड्रॉक्सिॲपेटाइट या कॅल्शियम-फॉस्फेटयुक्त खनिजाचा असतो. उरलेला भाग मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचा असतो. खनिजामुळे हाडाला कठीणपणा येतो, कोलॅजनमुळे चिवटपणा. हा फरक शाळेतल्या एका सोप्या प्रयोगाने पाहता येतो. कोंबडीच्या पायाचे स्वच्छ केलेले हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले, की खनिज विरघळून जाते आणि उरलेले हाड रबरासारखे वाकवता येते. उलट, हाड भट्टीत तापवून त्यातील कोलॅजन जाळून टाकले, तर त्याचा आकार तसाच राहतो, पण बोटाने दाबताच त्याचा चुरा होतो.

हाडाचे बाहेरचे कवच दाट असते. आत, विशेषतः लांब हाडांच्या टोकांशी आणि मणक्यांत, जाळीदार हाड असते. या जाळीच्या काड्या वाटेल तशा पसरलेल्या नसून ज्या दिशेने भार येतो त्या दिशेने रचलेल्या असतात. जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये हे निरीक्षण मांडले. हाडावर जसा भार पडेल तशी त्याची घडण बदलते, असा त्यांच्या नियमाचा आशय आहे. टेनिसपटूच्या खेळणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड होते. प्लास्टरमध्ये काही आठवडे राहिलेल्या पायाचे हाड विरळ होते. आणि अंतराळात वजनरहित अवस्थेत राहणाऱ्या अंतराळवीरांच्या कमरेच्या व पायांच्या हाडांचे वस्तुमान व्यायाम न केल्यास दरमहा सुमारे १ ते दीड टक्क्याने घटते.

हे बदल तीन प्रकारच्या पेशी घडवतात. अस्थिभंजक पेशी जुने हाड विरघळवतात, अस्थिजनक पेशी त्या जागी नवे हाड रचतात आणि हाडातच गुरफटून राहिलेल्या अस्थिपेशी भाराची जाणीव ठेवून या दोघींना संदेश देतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दरवर्षी अशा रीतीने बदलला जातो.

कार्ये

आधार. सांगाडा नसता तर शरीराचा मऊ भाग स्वतःच्याच वजनाने पसरला असता. उभ्या माणसाचे डोके, धड व हात यांचे वजन कण्यातून त्रिकास्थीकडे, तेथून कमरेच्या अस्थिवलयाकडे आणि पुढे दोन्ही मांड्यांच्या हाडांकडे उतरते. कणा बाजूने पाहिल्यास सरळ नसतो. त्याला चार वळणे असतात आणि ती चालताना बसणारे धक्के स्प्रिंगप्रमाणे पचवतात. मणक्यांमधील चकत्या हेच काम करतात. दिवसभर उभे राहिल्याने या चकत्यांतील पाणी थोडे पिळून निघते, त्यामुळे माणसाची उंची सकाळपेक्षा रात्री एक-दोन सेंटिमीटरने कमी भरू शकते. झोपेत ती पूर्ववत होते. कल्याण किंवा डोंबिवलीहून मुंबईस जाऊन-येऊन रोज दोन-तीन तास लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्यांच्या कण्याला हा अनुभव नित्याचा आहे. मुलांच्या वाढत्या कण्यावर जादा भार पडू नये म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवण्याचे निर्देश दिले. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणातही हीच मर्यादा आहे. नियम आणि प्रत्यक्ष दप्तर यांतले अंतर मात्र वजनकाट्यावर आजही दिसते.

संरक्षण. मेंदू कवटीत, मज्जारज्जू मणक्यांच्या नळीत, हृदय व फुप्फुसे बरगड्यांच्या पिंजऱ्यात, तर मूत्राशय आणि स्त्रियांमध्ये गर्भाशय कमरेच्या अस्थिवलयात सुरक्षित असतात. यकृत व प्लीहा पोटात असल्या तरी खालच्या बरगड्यांची त्यांच्यावर आड असते. प्रत्येक कवचाची घडण वेगळी आहे. कवटी बंद पेटीसारखी आहे, कारण मेंदूला हालचालीसाठी जागा लागत नाही. फुप्फुसांना मात्र प्रत्येक श्वासाबरोबर फुगावे लागते, म्हणून छातीला पेटीऐवजी हलता पिंजरा मिळाला आहे. श्वास घेताना बरगड्या बादलीच्या कडीप्रमाणे वर व बाहेर उचलल्या जातात. हाच या पिंजऱ्याचा कमकुवतपणाही आहे. अतिगर्दीत चारही बाजूंनी छाती दाबली गेली, तर बरगड्या न मोडताही त्यांची ही उचल थांबते आणि माणूस गुदमरतो. चेंगराचेंगरीत होणाऱ्या मृत्यूंचे हे एक प्रमुख कारण आहे. कवटीची मर्यादा वेगळी आहे: ती बाहेरचा घाव अडवते, पण डोके जोरात आपटल्यावर आतला मेंदू तिच्याच भिंतीवर आदळतो. दुचाकीस्वाराचे हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवते, तसेच आतील गादीमुळे डोके थांबण्याचा वेळ वाढवून हा आतला आघातही सौम्य करते.

हालचाल. हाडे स्वतः हलत नाहीत. कंडरांनी हाडांना जोडलेले स्नायू आकुंचन पावतात आणि सांध्याभोवती हाड तरफेप्रमाणे फिरते. या तरफांपैकी बहुतेकींत स्नायू सांध्याच्या अगदी जवळ जोडलेला असतो आणि भार दूर असतो. कोपर काटकोनात ठेवून हातात ५ किलोची पिशवी धरली, तर दंडाच्या पुढच्या स्नायूला पिशवीच्या वजनाच्या सात-आठ पट बल लावावे लागते, कारण तो कोपरापासून चार-पाच सेंटिमीटरवर जोडलेला असतो आणि पिशवी सुमारे ३५ सेंटिमीटरवर असते. बलाच्या दृष्टीने हा तोट्याचा व्यवहार आहे. मोबदल्यात वेग मिळतो. स्नायू थोडासा आखडला तरी पंजा दूरवर आणि झपाट्याने फिरतो. माणसाचे फेकणे, मारणे, टाईप करणे, तबला वाजवणे सारे याच्यावर चालते. एका पायावर उभे राहिल्यास त्या बाजूच्या खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट भार येतो, हेही त्याच तरफेचे फळ आहे. खुबा दुखणाऱ्या रुग्णाला विरुद्ध हातात काठी धरण्यास सांगतात ती याच कारणाने. तिथे धरलेली काठी स्नायूंना लावावे लागणारे बल पुष्कळ कमी करते.

रक्तनिर्मिती. जाळीदार हाडांतील पोकळ्यांत लाल अस्थिमज्जा असते. रक्तातील तांबड्या पेशी, बहुतेक पांढऱ्या पेशी आणि रक्तबिंबिका येथेच तयार होतात. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवस असल्याने मज्जेला दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या तांबड्या पेशी पुरवाव्या लागतात. जन्माच्या वेळी जवळजवळ सर्व हाडांत लाल मज्जा असते. प्रौढपणी ती मुख्यतः कमरेचे अस्थिवलय, मणके, उरोस्थी, बरगड्या व कवटी यांत उरते, आणि हातापायांच्या लांब हाडांत तिची जागा चरबीयुक्त पिवळी मज्जा घेते. मज्जेची तपासणी किंवा प्रत्यारोपणासाठी मज्जा घेणे हे बहुधा कमरेच्या हाडाच्या मागच्या कडेतून केले जाते ते यामुळेच.

खनिजांचा साठा. प्रौढ शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते आणि त्यातील ९९ टक्के हाडांत व दातांत असते. उरलेला एक टक्का रक्तात व पेशींत असला तरी हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन, चेतासंदेशांचे वहन आणि रक्त गोठणे या सर्व क्रिया त्यावर अवलंबून आहेत. म्हणून रक्तातील कॅल्शियमची पातळी शरीर अत्यंत काटेकोरपणे राखते. ती घसरू लागली की मानेतील परावटू ग्रंथींचे संप्रेरक अस्थिभंजक पेशींना अप्रत्यक्षपणे चालना देते आणि हाडातून कॅल्शियम रक्तात सोडले जाते. आहारात कॅल्शियम कमी असले तरी रक्ततपासणीत ते अनेकदा व्यवस्थित दिसते, कारण तूट हाडांनी भरून काढलेली असते. शरीराच्या दृष्टीने हृदयाचा पुढचा ठोका तातडीचा आहे, हाडाची मजबुती थांबू शकते. ही उधारी वर्षानुवर्षे चालली की अस्थिसुषिरता उद्भवते, आणि बऱ्याचदा पहिली खूण म्हणजे किरकोळ पडण्याने मोडलेले मनगट किंवा खुबा असते.

इतर कार्ये. हाडे स्वतःही संप्रेरके स्रवतात. अस्थिपेशींतून निघणारे एक संप्रेरक मूत्रपिंडाला फॉस्फेट बाहेर टाकण्याचा संदेश देते. मध्यकर्णातील तीन इवल्या हाडांची साखळी कानाच्या पडद्याची कंपने आंतरकर्णापर्यंत पोहोचवते. ती नसती तर हवेतील ध्वनीचा बराचसा भाग आतील द्रवावर आपटून परत फिरला असता. शिसे यांसारखे विषारी धातू रक्तातून उचलून हाडे त्यांना अडकवून ठेवतात, परंतु हाडाची झीज वाढल्यावर, उदाहरणार्थ गरोदरपणात किंवा म्हातारपणी, तेच शिसे पुन्हा रक्तात येऊ शकते.

वाढ आणि वय

गर्भातील सांगाडा प्रथम बव्हंशी कूर्चेचा असतो आणि हळूहळू त्याचे हाडात रूपांतर होते. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची वाढीची पट्टी असते. ती आहे तोवर उंची वाढते. मुलींमध्ये ही पट्टी साधारण १४ ते १६ आणि मुलांमध्ये १६ ते १८ वर्षांच्या सुमारास हाडाशी एकजीव होते. गळ्याच्या पट्टीचे हाड उरोस्थीच्या बाजूला सर्वांत उशिरा, पंचविशीच्या आसपास, पूर्ण होते. या ठरावीक क्रमामुळे क्ष-किरण चित्रावरून वयाचा अंदाज बांधता येतो. जन्मदाखला नसलेल्या व्यक्तीचे वय ठरवताना न्यायालये या चाचणीचा आधार घेतात, मात्र तिच्या निष्कर्षात एक-दोन वर्षांची चूक संभवते.

हाडांचे वस्तुमान तिशीच्या सुमारास कमाल असते. त्यानंतर जमेपेक्षा खर्च अधिक होतो. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी झाल्याने पुढील काही वर्षे ही घट विशेष वेगाने होते. किशोरवयातील आहार व मैदानी खेळ यांना त्यामुळे महत्त्व येते: म्हातारपणी वापरायची पुंजी त्याच वयात साठते.

सूर्यप्रकाश आणि आहार

आतड्यातून कॅल्शियम शोषले जाण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते. ते मुख्यतः त्वचेवर पडणाऱ्या सूर्यप्रकाशातील अतिनील-ब किरणांमुळे तयार होते. ठाणे, कल्याण व डोंबिवली ही शहरे सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहेत आणि तेथे पावसाळ्याचे ढगाळ दिवस वगळता वर्षभर पुरेसे ऊन असते. तरीही भारतातील शहरी लोकसंख्येत ड जीवनसत्त्वाची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळत असल्याचे अनेक पाहण्यांतून दिसून आले आहे. वरवर विसंगत वाटणाऱ्या या गोष्टीचे कारण दिनक्रमात आहे. सूर्य क्षितिजाजवळ असताना अतिनील-ब किरण वातावरणात जवळजवळ पूर्ण गाळले जातात. ते जमिनीवर पुरेसे पोहोचतात साधारण सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळेत. सकाळी सातची लोकल पकडून रात्री परतणारा नोकरदार नेमक्या याच वेळेत कार्यालयात असतो, आणि खिडकीची काच हे किरण अडवते. कोवळ्या उन्हात बसल्याने भरपूर ड जीवनसत्त्व मिळते हा प्रचलित समज त्यामुळे बरोबर नाही. एक सोपी खूण अशी: स्वतःची सावली उंचीपेक्षा आखूड असेल, तर त्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार होऊ शकते. गडद त्वचेला त्यासाठी गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक वेळ लागतो. हवेतील धूर व धूळ आणि उंच इमारतींच्या सावल्या यांनीही किरण घटतात.

लहान मुलांमध्ये ड जीवनसत्त्वाच्या अभावी मुडदूस होतो. हाडे मऊ राहून पाय धनुष्यासारखे वाकतात, मनगटे रुंदावतात, बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी दिसतात. प्रौढांत याच अभावाने अस्थिमृदुता होते. अंगदुखी, जिना चढताना मांड्यांत अशक्तपणा अशी तिची लक्षणे असून ती बरेचदा नुसता थकवा समजून सोडून दिली जातात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीस दररोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आवश्यक आहे. १०० मिलिलिटर गाईच्या दुधातून सुमारे १२० मिलिग्रॅम मिळते. महाराष्ट्रातील पारंपरिक अन्नात इतरही चांगले स्रोत आहेत. १०० ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते; मुरबाड व शहापूर या तालुक्यांच्या डोंगराळ भागात नाचणीची भाकरी जुनी आहे. तीळ, शेवग्याचा पाला, आणि ठाण्याच्या खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांत खाल्ले जाणारे सुके जवळा व काट्यांसकट चावून खाता येणारी मांदेलीसारखी बारीक मासळी हेही त्यात येतात. पालकात कॅल्शियम असले तरी ऑक्झलेटमुळे त्यातील फारच थोडे शोषले जाते, हे तक्ते वाचताना लक्षात घ्यावे लागते.

अस्थिभंग आणि उपनगरी प्रवास

मोडलेले हाड स्वतः सांधते आणि तेही व्रण न ठेवता. मोडल्या जागी प्रथम रक्त साकळते, दोन-तीन आठवड्यांत कूर्चा व तंतूंचा मऊ सांधा तयार होतो, पुढच्या काही आठवड्यांत त्याचे हाड बनते आणि मग महिने किंवा वर्षे त्याची घासून-पुसून मूळ आकाराकडे वाटचाल चालते. प्लास्टर, सळई किंवा पट्टी हाड जोडत नाहीत. हाड जोडले जाईपर्यंत ते योग्य दिशेत व स्थिर ठेवतात. हाडवैद्याकडे बांधून घेतलेले हाडही जुळतेच. अडचण ते वाकडे जुळते तेव्हा किंवा घट्ट बांधल्याने रक्तपुरवठा तुटतो तेव्हा येते.

भारतातील पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी धावली आणि पुढच्याच वर्षी हा मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. आज याच मार्गावरील ठाणे, डोंबिवली व कल्याण ही मध्य रेल्वेच्या सर्वाधिक गर्दीच्या स्थानकांत गणली जातात. दारात लटकून प्रवास, रूळ ओलांडणे आणि फलाट व डबा यांमधील पोकळी यांमुळे होणाऱ्या दुखापती या भागातील रुग्णालयांना परिचित आहेत. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळील वळणावर परस्परविरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन लोकलच्या पायदानांवरील प्रवासी खाली पडले. त्या दुर्घटनेत किमान चार जणांचा मृत्यू झाला.

अशा अपघातांत हाड मोडणे आणि रक्त जाणे यांचा संबंध जवळचा असतो. हाडातून व त्याच्या भोवतालच्या स्नायूंतून मोठा रक्तप्रवाह चालतो. मांडीचे हाड मोडल्यास, त्वचेवर एकही जखम नसताना, मांडीच्या आत एक ते दीड लिटर रक्त साचू शकते, आणि प्रौढाच्या शरीरात एकूण सुमारे पाच लिटरच रक्त असते. कमरेचे अस्थिवलय फुटल्यास रक्तस्राव याहून अधिक होतो. जखमीला हातपाय धरून फरफटत हलवल्याने मोडलेली टोके आतल्या वाहिन्या फाडतात. मणका मोडलेला असल्यास मज्जारज्जूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून मान व पाठ एका रेषेत ठेवून, सपाट स्ट्रेचरवर किंवा तशा फळीवर उचलणे आणि मोडलेला अवयव आहे त्या स्थितीत आधाराने बांधणे हा प्रथमोपचाराचा नियम आहे. राज्यात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक उपलब्ध आहे. ठाण्यातील विठ्ठल सायन्ना सामान्य रुग्णालय, कळव्यातील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणमधील रुक्मिणीबाई रुग्णालय आणि डोंबिवलीतील शास्त्रीनगर रुग्णालय ही या पट्ट्यातील सार्वजनिक रुग्णालये आहेत.

काही विकार

दात्रपेशी आजार, म्हणजेच सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक विकार असला तरी त्याचे तीव्र दुखणे बरेचदा हाडांत होते. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी हाडांतील बारीक वाहिन्या तुंबवतात. मांडीच्या हाडाचे गोल डोके रक्ताअभावी मृत होऊन ढासळल्यास तरुण वयातच खुबा निकामी होतो. विदर्भ, खानदेश आणि ठाणे-पालघर पट्ट्यातील आदिवासी समाजांत या विकाराचे वाहक आढळतात.

यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांत विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये असे मानक आहे. त्याहून बरेच अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेल्यास आधी दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे दाट होतात, अस्थिबंधही हाडासारखे कडक होतात. अशा रुग्णाला मान वळवता येत नाही, उकिडवे बसता येत नाही. दाट हाड म्हणजे मजबूत हाड असे नेहमीच नसते, याचे हे उदाहरण आहे. भारतात अस्थि-फ्लोरोसिसचे पहिले वर्णन १९३७ मध्ये तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागातून झाले.

क्षयरोग फुप्फुसांप्रमाणे मणक्यांतही होतो. मणका पोखरून पाठीला कुबड येते व पाय लुळे पडू शकतात. वेळीच निदान झाल्यास तो औषधांनी बरा होतो. दीर्घकाळ टिकणारी पाठदुखी, सोबत बारीक ताप आणि वजन घटणे ही लक्षणे म्हणूनच दुर्लक्षिण्यासारखी नाहीत.

प्राचीन उल्लेख आणि अवशेष

आयुर्वेदात अस्थी हा सप्तधातूंपैकी पाचवा धातू आणि मज्जा हा सहावा. चरकसंहितेत अस्थींची संख्या ३६० दिली आहे. सुश्रुतसंहितेत या संख्येचा उल्लेख करून शल्यशास्त्राच्या मते त्या ३०० असल्याचे म्हटले आहे. दात, नखे व कूर्चेचे भाग यांचीही गणना झाल्याने ही संख्या आजच्या गणनेपेक्षा मोठी दिसते. सुश्रुताने हाडांचे कपाल, रुचक, तरुण, वलय व नलक असे आकारावरून पाच प्रकार केले. तरुण म्हणजे आजच्या भाषेत कूर्चा. सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार त्याने वर्णिले असून मोडलेले अवयव बांधण्याची रीतही सांगितली आहे.

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वस्ती सुमारे इसवी सन पूर्व १६०० ते ७०० या काळातील आहे. मृत बालकांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत घालून घराच्या जमिनीखाली पुरले जाई. प्रौढांचे पाय अनेकदा घोट्याजवळून तोडलेले आढळले. मृताने परत येऊ नये अशी त्यामागील समजूत असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. या दफनांतील हाडांनी त्या समाजाच्या आरोग्याची नोंद जपली. वस्तीच्या शेवटच्या, उत्तर जोर्वे काळातील बालकांच्या हाडांत वाढ खुंटल्याच्या खुणा आढळल्या आहेत. लिखित मजकूर मागे न ठेवलेल्या लोकांच्या उपासमारीचा पुरावा त्यांच्या मुलांच्या मांडीच्या हाडांतून मिळावा, ही या शास्त्राची ताकद आहे.

अध्ययन आणि देहदान

मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ठाणे महानगरपालिकेचे कळवा येथील राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय हे या पट्ट्यातील वैद्यकीय शिक्षणाचे केंद्र आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हाती सर्वप्रथम येते ते हाड. उजवे की डावे, पुढची बाजू कोणती, कोणता स्नायू कुठल्या खडबडीवर जोडला जातो, हे हाताने चाचपून शिकायचे असते. अशी खरी हाडे आता सहज मिळत नाहीत. विसाव्या शतकात भारत हा जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांना मानवी सांगाडे पुरवणारा सर्वांत मोठा देश होता आणि त्या व्यापाराचे केंद्र कोलकाता होते. थडगी उकरण्याचे व त्याहून गंभीर आरोप झाल्यावर केंद्र सरकारने १९८५ मध्ये निर्यातीवर बंदी घातली. तेव्हापासून प्लास्टिकच्या प्रतिकृतींचा वापर वाढला. त्यांत हाडांचा आकार सर्वसाधारणपणे बरोबर असतो, परंतु माणसागणिक होणारे फरक, वयाच्या खुणा आणि हाडाचे वजन त्यांत सापडत नाही.

महाराष्ट्रात बेवारस व दान केलेली शरीरे शिक्षणासाठी देण्याची तरतूद १९४९ च्या शरीरशास्त्र अधिनियमाने केली. देहदानाचा अर्ज जिवंतपणी भरला तरी मृत्यूनंतर नातेवाइकांची संमती प्रत्यक्षात आवश्यक ठरते आणि शरीर काही तासांत महाविद्यालयात पोहोचवावे लागते. अपघाती व पोलीस चौकशीची प्रकरणे, तसेच काही संसर्गजन्य आजारांनी झालेले मृत्यू यांत देह स्वीकारला जात नाही. नेत्रदान मात्र अशा अनेक प्रसंगी स्वतंत्रपणे करता येते. डोंबिवलीतील दधीची देहदान मंडळ ही संस्था देहदानाच्या प्रसाराचे काम करते. वृत्रासुराच्या वधासाठी वज्र घडवता यावे म्हणून स्वतःच्या अस्थी देणाऱ्या पुराणकथेतील दधीची ऋषींवरून तिला हे नाव मिळाले आहे.